एक घर, दोन प्रवास

डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली १ जून १९३० रोजी. आज तिचं नाव निघालं की पासधारकांचा डबा, ठरलेल्या जागा आणि सकाळी पुणे स्टेशनवरची धावपळ डोळ्यांपुढे येते. पण ही गाडी नोकरदारांसाठी सुरू झालेलीच नव्हती. मुंबईतल्या धनिकांना पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना नेऊन परत आणण्यासाठी ती सुरुवातीला फक्त आठवड्याअखेरीस सोडली जायची. पुढे ती रोजची झाली आणि पुण्यात घर, मुंबईत नोकरी असलेल्या माणसांची हक्काची गाडी बनली. रूळ तेच, खंडाळ्याचा घाट तोच, डोंगराच्या कुशीतले बोगदे तेच आणि खिडकीतून दिसणारी दरीही तीच. ज्या वाटेवरून एका पिढीने मौज म्हणून प्रवास केला, त्याच वाटेवर पुढच्या पिढ्यांनी डोळे मिटून झोप पुरी केली. तेव्हा प्रवासाचा शीण किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, एवढं तरी या एका गाडीच्या इतिहासावरून मान्य करायला हरकत नसावी. प्रवास कधी निघायचा हे कोण ठरवतं आणि शेजारी कोण बसलेलं असतं, या दोन प्रश्नांची उत्तरं बदलली की तोच घाट सहल होतो किंवा हजेरी होतो.

यातला पहिला प्रश्न आपल्याकडे अधूनमधून तरी चर्चेत येतो. गर्दी, उशीर, वाहतूककोंडी, खड्डे यांवर वर्तमानपत्रांत रोज रकाने भरतात. दुसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगांपलीकडच्या कामकऱ्यांना विचारलं गेलं की तुमचं कामाचं ठिकाण घरापासून किती लांब आहे आणि तिथे तुम्ही कशाने जाता. उत्तरांचे तक्ते पुरुष-स्त्री, शहर-गाव, अंतर, वाहन असे सगळे विभागून प्रसिद्ध झाले. मात्र एकाच घरातले दोघे रोज सकाळी कुठल्या दोन दिशांना जातात, हे त्या तक्त्यांत सापडत नाही. प्रवासी म्हणजे एक सुटा माणूस, असं धरूनच रेल्वे, महापालिका आणि कंपन्या आकडेमोड करतात. मला वाटतं, नोकरदार जोडप्यांच्या थकव्याचं मोठं कारण नेमकं या आकडेमोडीतून निसटतं. रोजचा प्रवास दोघांचे तास खातो, आणि त्यातही दोघांचे एकत्र असण्याचे तास आधी खातो. दसरा-दिवाळीच्या दिवसांत गाडी काढून कुठेतरी घाटापर्यंत जाऊन येण्याची जी ओढ शहरांतल्या जोडप्यांना लागते, ती हौस असेल. पण मुळात ती हे गेलेले तास परत मिळवण्याची धडपड आहे. ही सहल कशी करावी, तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी आणि कोणती अपेक्षा ठेवूच नये, हे तिच्याकडे असं पाहिल्यावरच कळतं.

मुंबईचंच उदाहरण घेऊ. डोंबिवलीत घर, त्याचं ऑफिस ऐरोलीला, तिचं अंधेरी पूर्वेला. अशी घरं मध्य रेल्वेच्या प्रत्येक स्थानकाबाहेर सापडतील. त्याने ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरायची. तिने घाटकोपरला उतरून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो पकडायची. ही मेट्रो जून २०१४मध्ये सुरू झाली आणि त्याआधीच्या बस-रिक्षांच्या दिव्यातून तिची सुटका झाली, हे खरंच. ठाण्यापर्यंत दोघांची वाट एकच आहे. दोघं एकाच वेळी घराबाहेर पडून एकाच फास्ट लोकलमध्ये चढू शकतात. पण ती लेडीजमध्ये चढते आणि तो जनरलमध्ये. गर्दीत बाईला धड उभं राहता यावं म्हणून महिलांचे डबे आहेत, १९९२पासून पश्चिम रेल्वेवर आख्खी महिला विशेष गाडीही आहे, आणि ज्या गर्दीत ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारातले प्रवासी रुळांवर पडून मरण पावले, त्या गर्दीत हे डबे नसावेत असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तरीही परिणाम पाहा. एकाच घरातून निघून, एकाच गाडीने, एकाच दिशेला जाणारे नवरा-बायको मुंबईत शेजारी बसू शकत नाहीत. सोबतीची जागा फोनवरच्या एका वाक्याने भरून काढायची: मिळाली का गाडी?

पुण्यात लोकलचा असा प्रकार नाही, तिथे वेगळाच घोळ आहे. हिंजवडी शहराच्या वायव्येला, खराडी-मगरपट्टा पूर्वेला, चाकण उत्तरेला. दोघांच्या नोकऱ्या हिंजवडीत आणि खराडीत असतील, तर दोन ऑफिसांमध्येच पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर पडतं. घर कुठेही घेतलं तरी एकाला ते लांबच. टॉमटॉमच्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकानुसार पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. जगातल्या सर्वांत संथ शहरांत पुण्याचा क्रमांक चौथा होता. साहजिकच घरात दोन दुचाक्या येतात. पूर्वी डबलसीट जाताना निदान सिग्नलला दोन शब्द बोलणं व्हायचं. आता दोन हेल्मेट दोन वेगळ्या चौकांत अडकलेली असतात. घराची जागा निवडताना जोडपी शाळा, आई-वडील, हप्ता, पाणी सगळं पाहतात आणि शेवटी कुणाचा तरी प्रवास लांबतो. कुणाचा लांबवायचा, हा प्रश्न घरात कधी उघडपणे चर्चेला येतो का, याबद्दल मला शंका आहे.

लांबच्या रोजच्या प्रवासाने माणूस खरोखर दुःखी होतो का, की तो कुरकुरण्याचा एक सोयीचा विषय आहे? यावर परदेशांत बरंच काम झालंय. डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा प्रसंगाप्रसंगाने हिशेब मांडायला लावला होता. कोणत्या वेळी कसं वाटत होतं, हे त्यांनी नोंदवलं. सकाळी कामावर जाण्याचा वेळ यादीत सगळ्यांत तळाला होता. जिवलगांच्या सहवासाचा वेळ अगदी वर. स्विस अर्थतज्ज्ञ अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी २००८मध्ये जर्मनीतल्या आकडेवारीवरून दाखवलं की लांबून येणाऱ्यांना जास्त पगार किंवा मोठं घर मिळत असलं, तरी त्याने प्रवासाची भरपाई होत नाही. जितका प्रवास लांब, तितकं समाधान कमी. पण माझ्या मुद्द्याच्या सगळ्यांत जवळ जातं ते स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाच्या एरिका सँडोव्ह यांचं काम. एका बाजूचा प्रवास ४५ मिनिटांहून जास्त असलेल्या माणसांच्या जोड्या मोडण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता, असं त्यांना आढळलं. धोका सुरुवातीच्या वर्षांत अधिक. जे पाच वर्षांहून जास्त टिकले ते सरावले. लांबच्या प्रवासाने कमाई आणि पद वाढलं ते बहुतेक पुरुषांचं, आणि घर-मुलं सांभाळायला जवळची, कमी पगाराची नोकरी धरली ती त्यांच्या बायकांनी, असंही त्यात दिसतं.

स्वीडनचं डोंबिवलीला जसंच्या तसं लावता येणार नाही. तिथे घटस्फोट सोपा आहे, इथे तो नाही; तिथे जोडी मोडते, इथे ती मोडत नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही नव्हे. आपल्याकडे त्याचा परिणाम वेगळ्या जागी शोधावा लागतो. जेनिफर रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये ब्रिटनमधल्या कुटुंबांच्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष इथे मला जास्त उपयोगी वाटतो. रोजच्या प्रवासाचा मानसिक स्वास्थ्यावर वाईट परिणाम स्त्रियांवर दिसतो, पुरुषांवर तसा दिसत नाही. आणि त्याचं कारण स्त्रियांची नोकरी किंवा तिचे तास हे नसून घरकाम आणि मुलांची जबाबदारी हे असावं. आता आपल्या देशाचे आकडे त्याशेजारी ठेवा. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. २०१९च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी कमी झाली, मधली दोनशे मिनिटांची दरी जवळजवळ जागची हलली नाही. शिवाय २०१९मध्ये घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरातले फक्त २६. लोकलच्या लेडीज डब्यात संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या बायकांचं चित्र मुंबईच्या कौतुकात हमखास येतं. त्यात कौतुक करण्यासारखं काय आहे, हे मला कधी कळलेलं नाही. घरी पोचल्यावर जेवढं काम वाट पाहतंय तेवढं रेल्वेच्या वेळात बसत नाही, म्हणून त्यातलं थोडं गाडीत उरकलं जातं, इतकाच त्याचा अर्थ. त्याच गाडीच्या जनरल डब्यात मेथीची जुडी कुणी उघडल्याचं चित्र अजून लोकप्रिय झालेलं नाही.

इथे लोकलप्रेमी लगेच हरकत घेतील, आणि ती हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रोजच्या प्रवासात नुसता छळ नसतो, असं ते सांगतील. ठरलेल्या गाडीचा ठरलेला ग्रुप असतो, भजनी मंडळं टाळ घेऊन येतात, वाढदिवस होतात, केळवणं होतात. दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूची तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. कित्येकांचं वाचन फक्त गाडीत होतं. कॅलिफोर्नियात पॅट्रिशिया मोख्तारियन यांनी नोकरदारांना विचारलं की तुमचा कामावर जाण्याचा आदर्श वेळ किती? शून्य असं फार थोडे म्हणाले. सरासरी उत्तर आलं १६ मिनिटं. घर आणि ऑफिस यांच्यामध्ये माणसाला थोडी मोकळी पट्टी हवी असते, हे त्यावरून पटतं. घरून काम करण्याच्या दिवसांत अनेकांना हीच पट्टी हरवल्यासारखी झाली होती. हे सगळं मी मान्य करतो. पण सोळा मिनिटं कुठे आणि डोंबिवली-अंधेरीचा दीड तास कुठे. आणि लोकलमधली ही सगळी मैत्री, हे सणवार, जोडप्यातल्या प्रत्येकाचे वेगवेगळे असतात. तिच्या डब्यातल्या केळवणाला तो नसतो, त्याच्या भजनाला ती नसते. वर्षानुवर्षं रोज तीन तास ज्यांच्यासोबत काढले त्या माणसांना घरच्या माणसाने लग्नकार्यातच काय ते पाहिलेलं असतं. लोकलने माणसं जोडली, यात वादच नाही. मात्र घराबाहेरची जोडली. माझ्या म्हणण्याला त्याने धक्का बसत नाही.

मग उरतो रविवार. आपल्याला तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना तो भांडून मिळवावा लागला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून आठवड्याच्या सुट्टीसाठी सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीतलं एक कारण होतं. म्हणजे विश्रांतीबरोबर देवाधर्माला, घरच्या माणसांना, समाजाच्या कामाला वेळ हवा, अशी ती मागणी होती. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला २९ फेब्रुवारी २०२०पासून. खासगी ऑफिसांतल्या बऱ्याच जणांना तो आधीपासून आहे, दुकानांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांना अजूनही नाही. पण सुट्टी मिळाली तरी त्या दिवशी जायचं कशाने? रविवार हा रेल्वेच्या लेखी दुरुस्तीचा दिवस. मेगाब्लॉक त्याच दिवशी, फेऱ्या कमी त्याच दिवशी. रूळ कधीतरी दुरुस्त करावेच लागणार, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र यातून रेल्वेचा हिशेब उघडा पडतो: कामावर जाणारा माणूस हा प्रवासी, बायकोबरोबर सहज बाहेर पडलेला माणूस हा जमलं तर पाहू. ज्या शहरात पाच दिवस सार्वजनिक वाहनावाचून पान हलत नाही, तिथे सहाव्या-सातव्या दिवशी लोक मोटारीची चावी शोधतात, त्यामागे चैनीइतकंच हेही कारण आहे.

शरद ऋतूच का, याला मात्र रेल्वे नाही, सह्याद्रीच जबाबदार. पाऊस ओसरलेला असतो, पण डोंगर अजून वाळलेले नसतात. सप्टेंबरअखेरीपासून उतारांवर सोनकीचा पिवळा थर, कड्यांच्या कडेला तेरडा, ओढ्यांना अजून पाणी. मावळात आणि भोरच्या खोऱ्यात भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळा पडू लागतो, दिवाळीच्या आगेमागे कापणी सुरू होते. हवा धुतलेली असते, त्यामुळे लांबचे किल्ले ओळखू येतात. पावसाळ्यातलं धबधब्यांखालचं वेड संपलेलं असतं. ३० जून २०२४ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एक कुटुंब वाहून गेलं, १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा पूल पर्यटकांसकट इंद्रायणीत कोसळला. दोन्ही दिवस रविवारच होते. शरदात पाण्याचा तो धोका आणि ती झुंबड दोन्ही कमी. अर्थात भर दुपारी ऑक्टोबरचं ऊन चांगलंच चटके देतं आणि पावसाने फोडलेले रस्ते बुजवायला ठेकेदाराला अजून मुहूर्त सापडायचा असतो. म्हणून पहाटे निघावं आणि जेवायच्या वेळेला परतीला लागावं हे उत्तम.

पुण्याहून निघालेल्या माणसाला यासाठी फार लांब जावं लागत नाही. साताऱ्याच्या महामार्गाला खेड-शिवापूरचा टोल ओलांडला, कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोरचा रस्ता लागतो. भाटघरच्या पाण्याच्या कडेने पुढे जाता येतं, हिंमत असेल तर वरंधा घाटाच्या तोंडाशी जाऊन परत फिरता येतं. या रस्त्यावर वेग घेता येत नाही, आणि तेच त्याचं खरं मोल. गाडीत दोघं शेजारी बसलेले असतात, दोघांचीही नजर समोर असते. समोरासमोर बसून बोलायला एखादा विषय लागतो. शेजारी बसून गप्प राहिलं तरी कुणाला काही खटकत नाही. मध्येच शेतातल्या बगळ्यावरून, मग कुणाच्या तरी लग्नावरून, मग अचानक तीन महिने टाळलेल्या गोष्टीवरून बोलणं निघतं. आठवडाभर जे बोलणं ‘डबा घेतलास का’ आणि ‘गॅसवाला येऊन गेला का’ यांपुढे जात नाही, त्याला इथे लांबी मिळते. भांडणही होतं. होऊ द्यावं, त्यालाही वेळ लागतोच.

पण बहुतेक सहली इथेच फसतात, कारण निघताना सगळ्यांच्या डोक्यात ठिकाण असतं. कास पठाराचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. पश्चिम घाटाबरोबर २०१२मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. साडेआठशेहून अधिक प्रजातींच्या वनस्पती, त्यात सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. साताऱ्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. यादीत नाव गेल्यावर गाड्यांचा लोंढा असा आला की फुलांच्या दिवसांत रोजची संख्या तीन हजारांवर रोखावी लागली, आगाऊ नोंदणी सुरू झाली, गाड्या लांब उभ्या करून पुढे बसने जाण्याची सोय करावी लागली. हे निर्बंध योग्यच आहेत, खरं तर आणखी कडक असायला हवेत. पण पुण्या-मुंबईहून पहाटे निघायचं, खंबाटकीच्या घाटात ट्रकमागे रेंगाळायचं, आणेवाडीच्या टोलला रांग, मग वेळेची पावती दाखवून ठरलेल्या तासात पठार पाहायचं, फोटो काढायचे आणि रात्री कात्रजला पुन्हा अडकायचं. यात सोमवारच्या प्रवासापेक्षा वेगळं काय आहे? ठरलेली वेळ आहे, रांग आहे, उशिराची धास्ती आहे. मुंबईकरांचं द्रुतगती मार्गावरही हेच होतं. एप्रिल २०२३पासून मोटारीला एका बाजूचे ३२० रुपये मोजून खालापूर ते खंडाळा गाड्यांच्या शेपटीला शेपूट लावून उभं राहायचं. पर्यावरणवाद्यांचा आक्षेप असतो की शहरी जोडप्यांच्या या सहलींनी घाटांची वाट लावली. तो मला पूर्ण मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्याच्या आड येत नाही. सहलीतून मिळवायचे असतात सोबतीचे तास. ते पानशेतच्या, मुळशीच्या, मुरबाडच्या कुठल्याही साध्या रस्त्यावर मिळतात. त्यासाठी नाजूक पठार तुडवायची गरज नाही.

सहलीचा आराम कुणाला मिळतो, हा प्रश्नही स्वच्छ विचारायला हवा. चालवणाऱ्याला घाट आराम देत नाही. हे पुरुष सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण पहाटे निघायचं म्हणून साडेचारला उठून थालीपिठं लावणारी, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे कपडे, औषधं, चादर सगळं आठवणीने भरणारी बाईही आराम करत नसते. परतल्यावर ते सगळं धुवायलाही तीच असते. २८९ आणि ८८ मिनिटांची दरी रविवारीही गाडीत बसून सोबत येते. त्यामुळे डबा नको. वाटेत मिसळ खावी, सिंहगडाच्या पायथ्याला पिठलं-भाकरी खावी. तिथे भाकरी थापणारी बाईच असते हे खरं, पण तिला त्याचे पैसे मिळतात. आणि जाताना एकाने चालवली असेल तर येताना दुसऱ्याने चालवावी. घरात मोटार आल्यावर बायकोने शिकलं, परवाना काढला आणि मग मोटार पुन्हा नवऱ्याकडेच राहिली, अशी घरं शोधायला फार फिरावं लागत नाही. महामार्गाला लागताना तू नको, मी घेतो, हे वाक्य काळजीपोटी येतं. पण त्या काळजीने एकाला कायमचा चालक आणि दुसऱ्याला कायमची सामानवाली करून ठेवलंय.

हे सगळं मोटारवाल्यांचं दुखणं आहे, असं कुणी म्हणेल तर त्याला आकड्यांचा आधार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या शंभरातल्या जेमतेम आठ घरांकडे मोटार होती. २०११च्या जनगणनेत मोटारीने कामावर जाणारे शंभरात तीनही नव्हते. मात्र त्याच सर्वेक्षणात निम्म्या घरांकडे दुचाकी होती, आणि शरदातला रविवार दुचाकीवर जास्तच बरा, कारण पाऊस नाही आणि थंडी अजून यायची आहे. ज्यांच्याकडे तीही नाही त्यांच्यासाठी १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर फेरीने सुरू झालेली एसटी आहे. तिची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासची योजना नावापासूनच या कामाची आहे. खरं सांगायचं तर दोघांनी एसटीच्या दोनच्या सीटवर शेजारी बसून जाण्यात चालकाचा थकवा दोघांनाही नाही, म्हणून ती सहल मोटारीपेक्षा उजवी. गाडी नाही म्हणून गेलेले तास कमी गेलेले नाहीत. उलट वसई, कर्जत, टिटवाळ्याहून येणाऱ्यांचे जास्तच गेलेत.

राहिली सगळ्यांत वजनदार हरकत. पाच दिवसांचं नुकसान एका रविवारी भरून कसं निघेल? नाही निघणार. दोघांचे मिळून आठवड्याला तीस तास प्रवासात जात असतील, तर पाच तासांची सहल त्याला कुठे पुरणार? म्हणून आठवड्याचे दिवसच दुरुस्त करायला हवेत, आणि तिथे दोन उपाय हटकून सुचवले जातात. पहिला, वेग वाढवा. मेट्रो-३ आरे ते कफ परेड झाली, नव्या मार्गिका होतील; चांगलंच आहे. पण याकोव्ह झहावी यांनी सत्तरच्या दशकात आणि इटलीचे चेझारे मार्केटी यांनी १९९४मध्ये एक गोष्ट दाखवली होती, ती विसरू नये: माणसं दिवसाला प्रवासासाठी साधारण ठरावीक वेळ राखून ठेवतात, आणि वेग वाढला की वेळ वाचवण्याऐवजी लांब राहायला जातात. मुंबईचं घर गिरणगावातून डोंबिवली-कल्याणला आणि तिथून बदलापूर-नेरळला कसं सरकत गेलं, हे पाहिलं तर त्यांचं म्हणणं इथे निम्मं तरी खरं ठरतं; बाकी निम्मं घरांच्या किमतींनी ठरवलं. दुसरा उपाय ऑफिसांच्या वेळा वेगवेगळ्या करण्याचा. मध्य रेल्वेने २०२३मध्ये गर्दी विभागण्यासाठी शेकडो कार्यालयांना तशी विनंती केली होती. गर्दीच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे. पण सुट्या माणसाचा हिशेब इथेही फसवतो. त्याचं ऑफिस आठ ते चार आणि तिचं अकरा ते सात झालं, तर दोघांनाही कदाचित बसायला जागा मिळेल आणि दोघं एकमेकांना जागे भेटणं मात्र बंद होईल. घरून काम करण्याचे दिवस ठरवतानाही तेच: त्याचा मंगळवार, तिचा गुरुवार, म्हणजे घरात कुणीतरी असतं, दोघं मिळून कधीच नसतात.

तेव्हा मागणी अशी असावी. वेळा लवचीक करा, पण वेळ निवडताना जोडीदाराच्या वेळेशी जुळवून घेण्याची मुभा कर्मचाऱ्याला द्या. पाळ्या लावणाऱ्या रुग्णालयांनी आणि कारखान्यांनी तर हे आधी करावं, कारण तिथे नवरा-बायकोच्या पाळ्या महिनोन्महिने उलटसुलट पडतात. जनगणनेत माणसामागे प्रश्न आहे, त्याजोडीला घरामागेही विचारा. रेल्वेने रविवारी दुरुस्ती करावी, पण निदान दसरा ते दिवाळीच्या काळात कर्जत आणि कसाऱ्याकडची सकाळची वाट मोकळी ठेवावी. आणि एसटीने पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर इथल्या आगारांतून सहा-सातच्या सुमाराला जवळच्या घाटांकडे जाणाऱ्या आणि दुपारी परतणाऱ्या गाड्या शरदाच्या रविवारी सोडून पाहाव्यात. महिलांना एसटीचं तिकीट १७ मार्च २०२३पासून निम्मं झालंय. जोडप्याची सहल तेव्हापासून दीड तिकिटावर आली आहे; फक्त ती गाडी रविवारी सकाळी आगारातून सुटली पाहिजे.